द प्रॉडिजी: आधी १९९४चा अल्बम ऐकावा की १९९७चा?

इंग्लंडमध्ये एसेक्समधील ब्रेनट्री येथे १९९० साली सुरू झालेल्या ‘द प्रॉडिजी’ या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या बँडची ओळख १९९४च्या ‘म्युझिक फॉर द जिल्टेड जनरेशन’ने करून घ्यावी की १९९७च्या ‘द फॅट ऑफ द लँड’ने, असे एका मित्राने विचारले.

१९९४चा अल्बम सुमारे ७८ मिनिटांचा आहे, तर १९९७चा ५६ मिनिटांत आटोपतो. आधीच्यात गायन मोजकेच असून सगळा भार बँडचा संगीतकार लियाम हॉवलेट याच्या तालरचनेवर आहे. नंतरच्यात कीथ फ्लिंट आणि मॅक्सिम या बँडच्या गायकांचे आवाज पुढे येतात, त्यामुळे तो नवख्या कानाला लवकर पकडतो. अमेरिकेतही तो पहिल्या क्रमांकावर गेला.

काळाचा ठसा मात्र १९९४च्या अल्बमवरच खोल उमटला आहे. रेव्ह म्हणजे रात्रभर चालणाऱ्या नृत्यसंगीताच्या मेळाव्यांवर निर्बंध आणणारा कायदा ब्रिटनमध्ये त्याच वर्षी झाला, आणि अल्बमच्या आतल्या चित्रात दरीपलीकडे पोलीस उभे असताना एक तरुण झुलत्या पुलाचा दोर कापताना दिसतो. ते चित्र समोर ठेवून हा अल्बम ऐकावा, असे मला मनापासून वाटते.

रॉकची सवय असलेल्याने १९९७पासून सुरुवात करावी. मराठी श्रोत्याला त्यातील ‘नारायण’मधला संस्कृत जप ओळखीचा वाटेल. नृत्यसंगीताची जडणघडण समजून घ्यायची असेल, तर १९९४चाच अल्बम निवडावा.