लिबसोडियम: पाच सिस्टिम्स, एकच क्रिप्टो लायब्ररी

लिनक्स सर्व्हर, विंडोज, मॅक, अँड्रॉइड आणि आयफोन अशा पाचही ठिकाणी तोच डेटा एन्क्रिप्ट आणि डिक्रिप्ट करायचा आहे, आणि टीम लहान आहे. अशा वेळी सगळ्यात आधी लिबसोडियम ही एन्क्रिप्शनची तयार लायब्ररी घ्या. डॅनियल बर्नस्टाइन, तान्या लांगे आणि पीटर श्वाबे यांच्या एनएसीएल लायब्ररीवरून फ्रँक डेनिस यांनी २०१३ मध्ये तिची सुरुवात केली. मूळ लायब्ररीतलं गणित उत्तम होतं, पण ती विंडोजवर किंवा फोनवर बिल्ड करणं जिकिरीचं होतं. ती अडचण लिबसोडियमने सोडवली. लायसन्स आयएससी हे मोकळं लायसन्स आहे, त्यामुळे बंद सोर्सच्या प्रॉडक्टमध्येही ती निर्धास्त वापरता येते. २०१७ मध्ये क्रिप्टोग्राफीतज्ज्ञ मॅथ्यू ग्रीन यांच्याकडून तिचं ऑडिट झालं आणि त्यात गंभीर दोष सापडला नाही. त्याच वर्षी पीएचपी ७.२ ने ती थेट भाषेतच सामावून घेतली.

सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे निवडायला फार काही ठेवलेलंच नाही. एक्सचाचा२०-पॉली१३०५ ही एन्क्रिप्शनची पद्धत घेतली, तर की (गुप्त किल्ली) ३२ बाइट, नॉन्स (दर संदेशाला नवा लागणारा आकडा) २४ बाइट, टॅग (डेटात फेरफार झाला नाही याची खूण) १६ बाइट. नॉन्स एवढा मोठा असल्यामुळे दर वेळी रँडम घेतला तरी पुन्हा तोच येण्याची भीती नाही. याच पद्धतीच्या आयईटीएफ चाचा२० या प्रमाणित रूपातला १२ बाइटचा नॉन्स असा बिनधास्त रँडम घेता येत नाही, तिथे काउंटर सांभाळावा लागतो. आउटपुट बाइट-न-बाइट सगळीकडे सारखंच येतं, बाइटचा क्रम उलटा ठेवणाऱ्या बिग-एंडियन मशीनवरसुद्धा.

एईएस-२५६-जीसीएम या दुसऱ्या प्रचलित पद्धतीच्या मोहात मात्र पडू नका. लिबसोडियममध्ये ते फक्त हार्डवेअरचा आधार असेल तरच चालतं: इंटेल सीपीयूवर एईएस-एनआय आणि पीसीएलएमयूएल या खास सूचना, फोनमधल्या आर्म सीपीयूवर क्रिप्टो एक्स्टेन्शन्स (तीही लिबसोडियम १.०.१९ पासून). लॅपटॉपवर एन्क्रिप्ट केलेली फाइल जुन्या फोनवर उघडणार नाही, आणि सॉफ्टवेअर फॉलबॅक मुद्दामच दिलेला नाही, कारण त्यातून टायमिंगद्वारे, म्हणजे कामाला लागणारा वेळ मोजून, की फुटू शकते. निर्णय योग्य आहे, पण तो रिलीजनंतर कळला तर महागात पडतो.

बिल्डचं बोलायचं तर लिनक्स आणि मॅकवर कॉन्फिगर, मेक, मेक चेक एवढंच. मेक चेक प्रत्येक टेस्टचं आउटपुट साठवलेल्या अपेक्षित आउटपुटशी ताडून पाहतं. ते कधीच गाळू नका, कारण कंपायलरच्या ऑप्टिमायझेशनने केलेली चूक पकडण्याची हीच जागा आहे. क्रॉस-कंपाइल केलेली, म्हणजे दुसऱ्या सिस्टिमसाठी बनवलेली लायब्ररी बिल्ड मशीनवर चालत नाही, म्हणून अँड्रॉइडच्या बिल्डला ही टेस्ट आपोआप मिळत नाही. ती क्यूईएमयू या एम्युलेटरवर किंवा खऱ्या फोनवर वेगळी चालवावी लागते. '--एनेबल-ऑप्ट' हा पर्याय वाटायच्या बायनरीसाठी वापरू नये. तो बिल्ड मशीनच्याच सीपीयूसाठी कोड बनवतो आणि जुन्या सीपीयूवर प्रोग्रॅम 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून कोसळतो. साधा बिल्डही चालू होताना सीपीयू ओळखून वेगवान कोड निवडतो, त्यामुळे या पर्यायाची गरजही पडत नाही.

विंडोजवर दोन चुका हमखास होतात. स्टॅटिक लायब्ररी (प्रोग्रॅममध्येच मिसळून जाणारी) जोडताना 'सोडियम_स्टॅटिक' हा मॅक्रो डिफाइन केला नाही, तर हेडर डीएलएल (वेगळी राहणारी लायब्ररी फाइल) गृहीत धरतं आणि लिंकर '__इम्प_' ने सुरू होणारी नावं सापडत नाहीत म्हणून एलएनके२०१९ ही एरर देतो. दुसरी चूक सी रनटाइमची: लायब्ररी /एमटी (रनटाइम आतच) आणि तुमचा प्रोजेक्ट /एमडी (रनटाइम डीएलएलमध्ये) असेल, तर लिंकर तक्रार करतो. तयार झिपमध्ये व्हिज्युअल स्टुडिओच्या टूलसेटनुसार वेगळे फोल्डर आहेत आणि त्यांत डायनॅमिक, स्टॅटिक, एलटीसीजी (लिंक करताना ऑप्टिमाइझ होणारा) असे प्रकार आहेत. एलटीसीजी फक्त तंतोतंत तोच कंपायलर असेल तरच घ्या. १.०.१९ पासून झिग या भाषेच्या कंपायलरनेही बिल्ड होतं आणि एकाच लिनक्स मशीनवरून विंडोजची लायब्ररी काढता येते, ही मोठी सोय आहे. फक्त झिगची आवृत्ती पक्की बांधून ठेवा, कारण त्याच्या बिल्ड फाइलची रचना आवृत्तीगणिक बदलत आली आहे.

अँड्रॉइडला आता १६ केबी पेजचा (पेज म्हणजे मेमरीचा ठरावीक तुकडा) मुद्दा आहे. अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढचं टार्गेट असलेल्या ॲपसाठी गुगल प्लेने १ नोव्हेंबर २०२५ पासून त्याचा आधार सक्तीचा केला. एनडीके (अँड्रॉइडचं सी कोडसाठीचं टूलकिट) आर२८ ने बिल्ड केलं तर अलाइनमेंट आपोआप बरोबर येतं. जुन्या एनडीकेने केलेली .एसओ लायब्ररी फाइल पुन्हा बिल्ड करा.

लिनक्स डिस्ट्रोंमध्ये खरी डोकेदुखी आवृत्तीची आहे. डेबियन १२ आणि उबुंटू २४.०४ मध्ये १.०.१८ आहे, तिच्या शेअर्ड फाइलचं नाव, ज्यावरून प्रोग्रॅम ती शोधतो, लिबसोडियम.एसओ.२३. १.०.१९ पासून ते .२६ झालं. नव्या आवृत्त्या लगेच देणाऱ्या आर्च लिनक्सवर बिल्ड केलेली बायनरी डेबियन १२ वर लायब्ररी सापडत नाही म्हणून सुरूच होणार नाही. इथे जुन्या नावाकडे बोट दाखवणारी सिमलिंक मारून वेळ मारून नेऊ नका. टारगेटमधल्या सगळ्यात जुन्या डिस्ट्रोवर बिल्ड करा किंवा लायब्ररी स्टॅटिक जोडा. स्टॅटिक जोडली तर सुरक्षा अपडेट देण्याची जबाबदारी तुमची. २०२५ च्या डिसेंबरअखेर एड२५५१९ या डिजिटल सहीच्या पद्धतीतला वक्रावरचा बिंदू वैध आहे का हे तपासणाऱ्या फंक्शनमधला दोष जाहीर झाला: मुख्य उपगटात नसलेले काही बिंदूही ते वैध मानत होतं. नेहमीच्या सह्यांना त्याची झळ नव्हती, पण त्या फंक्शनवर स्वतःचा प्रोटोकॉल उभारणाऱ्यांना होती. डिस्ट्रो असे पॅच जुन्या आवृत्तीतच घालतात, म्हणून नुसत्या आवृत्ती क्रमांकावर न जाता पॅकेजचा चेंजलॉग वाचा.

रँडम आकडे मिळवण्याचं काम लायब्ररी त्या त्या सिस्टिमकडून करून घेते: विंडोजवर आरटीएलजेनरँडम, लिनक्सवर गेटरँडम, जुन्या कर्नलवर /डेव्ह/यूरँडम. लायब्ररी तयार करणारं सोडियम_इनिट() आधी बोलवायचंच आणि त्याचं उत्तर तपासायचं: ० म्हणजे ठीक, १ म्हणजे आधीच झालेलं, -१ म्हणजे तिथेच थांबा. अनेक जण शून्य नसलेलं प्रत्येक उत्तर चूक धरतात आणि दुसऱ्यांदा बोलवल्यावर प्रोग्रॅम बंद पाडतात. कर्नल ५.४ च्या आधीच्या व्हर्च्युअल मशीनवर बूट होताच पुरेसं रँडम जमेपर्यंत हे फंक्शन अडकून राहू शकतं. व्हर्टआयओ-आरएनजी हे होस्टकडून रँडम देणारं व्हर्च्युअल उपकरण जोडलं की सुटतं.

मेमरीच्या बाबतीत मात्र लायब्ररी जरा जास्तच गप्प राहते, आणि ही माझी खरी तक्रार आहे. गुप्त डेटासाठी मेमरी देणारं सोडियम_मॅलॉक मागे-पुढे गार्ड पेज (हात लावताच प्रोग्रॅम थांबवणारी पेज) ठेवतं आणि डेटा पेजच्या शेवटाला चिकटवतं. ३२ बाइटच्या कीला त्यामुळे चार पेज लागतात: इंटेलवर १६ केबी, ॲपल सिलिकॉनवर ६४ केबी ॲड्रेस स्पेस. त्यातलं एक पेज लॉक होतं, म्हणजे ते स्वॅपवर (डिस्कवर) जात नाही. लॉकची लिनक्सवरची जुनी मर्यादा ६४ केबी होती, म्हणजे साधारण सोळा की, कर्नल ५.१६ मध्ये ती ८ एमबी झाली. मर्यादा संपली तर लॉक फसतं, पण सोडियम_मॅलॉक पॉइंटर देतं आणि चूक कळवत नाही. 'यूलिमिट -एल' तपासा, आणि खात्रीच हवी असेल तर सोडियम_एमलॉक वेगळं बोलवून त्याचं उत्तर पाहा. ब्राउझरमधल्या वेबअसेंब्ली बिल्डमध्ये लॉकला काही अर्थच उरत नाही.

पासवर्डवरून की काढताना अर्गॉन२आयडी या मुद्दाम मेमरी खाणाऱ्या पद्धतीचे तीन दर्जे आहेत: ६४ एमबी, २५६ एमबी आणि १ जीबी. सगळ्या सिस्टिमवर तीच की यायची तर आकडे तेच लागतात, म्हणून सगळ्यात कमजोर फोनला झेपेल तोच दर्जा धरा. १ जीबी मिळाली नाही तर फंक्शन -१ देतं, आणि तोपर्यंत आउटपुट बफर शून्यांनी भरलेला असतो. उत्तर न तपासणारा कोड मग ३२ शून्यांनाच की समजून एन्क्रिप्ट करत बसतो. फोनवरच्या टेस्टमध्ये ही स्थिती मुद्दाम घडवून पाहा.

टीएलएस (नेटवर्कवरची सुरक्षित जोडणी), आरएसए, एक्स.५०९ (डिजिटल सर्टिफिकेट) यांतलं काहीच इथे नाही, आणि फिप्स १४० या अमेरिकी सरकारी मानकाचं प्रमाणित मॉड्यूलही नाही. सरकारी निविदांसाठी लागणाऱ्या डीएससीशी (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट) बोलायचं असेल किंवा बँक फिप्स मागत असेल, तर ओपनएसएसएल या लायब्ररीकडेच जावं लागेल.