काँक्रीटसाठी हँड मिक्सर: चार तारे, मग दोन, आता तीन

हातात धरून माल ढवळायच्या या विजेच्या मशीनची माहिती सगळीकडे सापडते, इथे पुन्हा देत नाही. १६०० वॅट, दोन गिअर, १४ मिलिमीटरच्या (एम-१४) आट्यांचा दांडा. काम एकच: पत्र्याच्या शेडच्या खांबांखाली ४५० बाय ४५० बाय ३०० मिलिमीटरचे पॅड, म्हणजे काँक्रीटचे चौकोनी पाये. माल एम-२० प्रतीचा, म्हणजे सिमेंट, रेती, खडी १:१.५:३. घराचे कॉलम आणि स्लॅब या रस्त्याने जायचे नाहीत, तिथे इंजिनियरच लागतो.

सुरुवातीला याला चार तारे दिले असते. मग गिअर घासला आणि सर्व्हिस सेंटरने हात वर केले: "खडी घातलीत ना? मग वॉरंटी नाही." खोक्यावर ठळक अक्षरांत काँक्रीट, आतल्या कार्डावर मुंगीएवढ्या अक्षरांत फक्त ग्राउट, प्लास्टर आणि टाइलचा माल. पैसे घेताना खोकं, द्यायची वेळ आली की कार्ड. दोन तारे तिथेच गेले.

तांत्रिक बाजूने त्यांचं अर्धं खरं आहे. २० मिलिमीटरची खडी पॅडलचं पातं आणि टबाचा तळ यांच्यात अडकते आणि तो झटका सरळ गिअरवर येतो. पण सोबत आलेलं पॅडल रंग ढवळायचं होतं, त्याची पाती माल खाली दाबतात. जड मालाला उलट्या पिळाचं लागतं, तळापासून वर उचलणारं. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात सुटं मिळतं, फक्त दांड्याचे आटे जुळवून घ्या. पॅडल बदलल्यावर मत पुन्हा बदललं, एक तारा परत.

क्रमही महत्त्वाचा. आधी दोन तृतीयांश पाणी, त्यात सिमेंट, मग रेती, आणि पहिल्या गिअरवर गुठळ्या मोडेपर्यंत फिरवायचं. खडी शेवटी, थोडी थोडी, पॅडल तळापासून दोन बोटं वर धरून. दोन भाग मेटल नंबर दोन, म्हणजे २० मिलिमीटरची खडी, आणि एक भाग त्याहून बारीक नंबर एक घेतलं तर अडकणं बरंच कमी होतं. मशीन अडखळलं की बटण सोडा, उरलेला माल फावड्याने ओढा. एका वेळी तीसेक लिटर तयार माल, त्यावर हाव नको. जोडणी ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरच, म्हणजे करंट गळताच वीज तोडणाऱ्या स्विचवर, कारण पायाखाली पाणी असणारच.

आता मुद्द्याचं. मशीन जेमतेम, पण पॅडची ताकद मशीन ठरवतच नाही. ती ठरते बारा एमएमच्या प्लायच्या तुकड्यांतून ठोकलेल्या एका फर्म्यावर, म्हणजे रेती-खडी मोजायच्या पेटीवर. आतून २६ बाय २५ सेंटिमीटर, उंची २५. आत २० सेंटिमीटरवर खिळ्याने रेघ मारायची. रेघेपर्यंत १३ लिटर, काठोकाठ सव्वासोळा.

हिशेब असा. पाव गोणी सिमेंट, म्हणजे साडेबारा किलो, आणि ते काट्यावर तोलूनच, कारण सुटं सिमेंट मापात फुगतं. कोरडी रेती एकदा रेघेपर्यंत, खडी दोनदा रेघेपर्यंत, पाणी जास्तीत जास्त साडेसात लिटर. यातून साधारण ३१ लिटर माल निघतो. असे दोन घाणे म्हणजे एक पॅड, एक गोणी म्हणजे दोन पॅड. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ च्या तक्त्यात, एम-२० ला ५० किलो सिमेंटमागे ३० लिटर पाणी आहे, साडेसात म्हणजे त्याचाच चौथा हिस्सा. वीज गेली आणि हाताने कालवायची वेळ आली तर सिमेंट दहा टक्के जास्त. लोखंडी पत्र्यावर रेती-सिमेंट एकरंग होईपर्यंत कोरडंच उलथायचं, मग खडी, मग आळं करून पाणी.

मग काठापर्यंतची ती जागा कशाला? मुंबईच्या हवेत रेती कोरडी मिळते कुठे! चार-पाच टक्के ओल असली की कणांभोवती पाण्याचा पापुद्रा बसतो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि रेती २० ते ३० टक्के फुगते. रेघेपर्यंत भरलेली ओली रेती म्हणजे प्रत्यक्षात पाचवा हिस्सा कमी. माल खडबडीत होतो, कोपऱ्यात खडी उघडी पडते, मिस्त्री म्हणतो "पाणी मारा", आणि पॅड तिथेच कच्चा होतो. म्हणून दमट रेती काठोकाठ भरायची आणि पाणी एक लिटर कमी करायचं, ते रेतीतूनच येतं.

पण पावसात पार भिजलेली, पाणी गळणारी रेती पुन्हा बसते. ती रेघेपर्यंतच, आणि पाणी बरंच कमी. शंका असेल तर सरळ उभ्या बरणीत दमट रेती २० सेंटिमीटर भरा, ओतून काढा, अर्धी बरणी पाणी घ्या, रेती परत टाकून ढवळा. १६ वर बसली तर फुगवटा २५ टक्के. दुकानदार रेती गोणीवर विकतो, त्या गोणीला माप समजू नका. क्रश सँडमध्ये, म्हणजे दगड फोडून केलेल्या रेतीत, भुकटी जास्त असेल तर माल घट्ट वाटतो. तेव्हाही पाणी वाढवण्यापेक्षा भुकटी कमी असलेली क्रश सँड आणा. खाडीची शिंपल्यांची रेती फुकट मिळाली तरी नको आणि विहिरीचं मचूळ पाणीही नको, त्यातलं मीठ खांबाचे बोल्ट खातं.

सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं. गोणीवर छापलेला आठवडा आणि वर्ष बघून घ्या, तीन महिन्यांपेक्षा जुनं नको. चिमटीत न फुटणारी गाठ म्हणजे मेलेलं सिमेंट.

खड्डा मुरूम लागेपर्यंत. भरावाच्या जागेवर एवढा पॅड पुरणार नाही, तो खचेल. तळ धुमसाने ठोका, वर ७५ मिलिमीटर १:४:८ चं पीसीसी, म्हणजे बिनसळईचं साधं काँक्रीट. खाडीलगत भरतीला खड्ड्यात पाणी चढतं, ओहोटी बघून ओता. पाणी घातल्यापासून अर्ध्या तासात माल खड्ड्यात, तीन थरांत, प्रत्येक थर सोळा एमएमच्या सळईने कोचून. फळ्या दुसऱ्या दिवशी काढा, पुढे गोणपाट ओलं ठेवून किमान दहा दिवस पाणी, शक्य असेल तर चौदा. पीपीसी सावकाश ताकद धरतं, तोवर खांबाची बेसप्लेट कसू नका.

एक पावसाळा गेला. काठोकाठच्या मापाचे पॅड कोरे करकरीत, घमेल्याच्या अंदाजावर ओतलेल्यांच्या कडा बोटाने खरवडल्या जातात. मशीन दोन्हींकडे तेच. सात-आठ पॅडच करायचे असतील तर ते भाड्याने घ्या, विकत घेऊन सर्व्हिस सेंटरच्या नादी लागू नका. घेतलंच तर कार्बन ब्रशची जोडी आणि वर उचलणारं पॅडल त्याच दिवशी घ्या, आणि बिलावर "काँक्रीटसाठी" असं दुकानदाराच्या हाताने लिहून घ्या.