एमआरआयमध्ये मेनिन्जिओमा निघाला: थांबायचं, गामा नाईफ की ऑपरेशन?

गेल्या वर्षी आई ठाण्यात, नौपाड्यात आमच्या बिल्डिंगच्या जिन्यावरून घसरली, डोक्याला टेंगूळ आलं म्हणून सीटी केला, टेंगूळ दोन दिवसांत उतरलं पण रिपोर्टमध्ये 'एसओएल' लिहून आलं आणि घरात आठवडाभर कोणाला जेवण गेलं नाही. एसओएल म्हणजे जागा अडवणारी गाठ, बस एवढंच, कॅन्सर असेलच असं नाही. आपल्याकडे टीबीची गाठ असते, फीतकृमीची अळी मेंदूत जाऊन बसलेली असते, स्कॅनवर त्याही गोल गोल दिसतात आणि बऱ्याचदा औषधांनी जातात. म्हणून नुसत्या सीटीवर काही ठरवू नका. गाठ मेंदूच्या आत आहे की वरच्या आवरणाला चिकटलीय हे काँट्रास्ट एमआरआयमध्ये, म्हणजे शिरेतून औषध देऊन काढलेल्या एमआरआयमध्ये, जास्त नीट कळतं.

आईची आवरणाला चिकटलेली निघाली, १.८ सेंटीमीटर, म्हणजे बहुधा मेनिन्जिओमा, मेंदूच्या आवरणातून वाढणारी गाठ. हा बायकांमध्ये जास्त दिसतो आणि दहातले साधारण आठ ग्रेड १ चे, हळू वाढणारे असतात. पुढचं सगळं अशाच गाठीबद्दल आहे. रिपोर्टमध्ये ग्लायोमा (मेंदूच्या आतच उगवणारी गाठ) किंवा दुसरीकडून पसरलेला कॅन्सर अशी शंका लिहिली असेल तर ही तुलना सोडा आणि परळचं टाटा हॉस्पिटल किंवा त्यांचंच खारघरचं केंद्र अ‍ॅक्ट्रेक गाठा.

एका सर्जनने आम्हाला सांगितलं काढून टाका, दुसऱ्याने सांगितलं हात लावू नका. दोघंही अनुभवी, आता ऐकायचं कोणाचं?

थांबायचं म्हणजे काही न करणं नाही. पहिला एमआरआय सहा महिन्यांनी, मग दरवर्षी, पाच वर्षं शांत गेली की दोन वर्षांतून एकदा. गाठ लहान, त्रास काही नाही, आजूबाजूला सूज नाही, त्यात कॅल्शियम साठलेलं, असं असेल तर माझं मत सरळ थांबण्याच्या बाजूचं आहे, वय जास्त असेल तर आणखीच. फक्त नवा स्कॅन मागच्या वर्षीच्या नाही तर अगदी पहिल्या स्कॅनशी ताडून बघायला सांगा, कारण वर्षाला मिलिमीटरभर वाढ शेजारशेजारच्या दोन स्कॅनमध्ये दिसतच नाही आणि पाच वर्षांत ती अर्धा सेंटीमीटर झालेली असते. सीडी जपून ठेवा, नुसत्या रिपोर्टच्या कागदावर भागत नाही.

गामा नाईफमध्ये नाव नाईफ असलं तरी कापाकापी नसते, कोबाल्टचे दोनशेच्या आसपास किरण एकाच जागी आणून सोडतात, बहुतेक वेळा एकाच बैठकीत होतं. माहीमच्या हिंदुजामध्ये ही सोय आहे, ठाण्याहून दादरला गाडी बदलून जाता येतं. साधारण तीन सेंटीमीटरपर्यंतच्या गाठीला चालतं. पण लोक दोन गोष्टी गृहीत धरतात आणि फसतात: गाठ नाहीशी होत नाही, तिची वाढ थांबवणं हा हेतू असतो, आणि दरवर्षीचा स्कॅनही सुटत नाही. शिवाय तुकडा तपासायला मिळत नाही, म्हणजे ती नक्की कसली आहे हे एमआरआयच्या अंदाजावरच राहतं. डोळ्याच्या नसेला खेटून असेल तर ती नस सांभाळावी लागते, काही महिन्यांनी सूजही येऊ शकते. गाठ वाढताना दिसतेय, पण जागा अवघड आहे किंवा पेशंटला भूल झेपणार नाही, अशांसाठी मला हा पर्याय खरा वाटतो.

ऑपरेशनमध्ये दाब लगेच जातो आणि बायोप्सीचा पक्का रिपोर्ट हातात येतो, हे बाकी दोन्हीत नाही. फिट आली, नजर कमी होतेय, हातापायातली ताकद जातेय, गाठ मोठी आहे किंवा भोवती सूज आहे, तर मग थांबण्यात अर्थ नाही. कवटीच्या वरच्या बाजूला असेल तर बहुतेक पूर्ण निघते, तळाशी असेल तर नसांना चिकटलेला भाग कधीकधी मागे ठेवावा लागतो. रक्तस्राव, इन्फेक्शन, नंतरच्या फिट हे धोके तुमच्या गाठीच्या जागेला किती आहेत ते सर्जनलाच विचारा, आणि अशी ऑपरेशनं ते किती करतात तेही न लाजता विचारा.

आई ७१ ची, आम्ही थांबलो. सहा महिन्यांनी १.८ च आली, आता पुढचा एमआरआय दिवाळीनंतर. तोपर्यंत फ्रिजवर कागद लावलाय: फिट, सकाळी उलटीसकट डोकेदुखी, एका बाजूला अशक्तपणा, यातलं काहीही झालं तर तारखेची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टी.