मार्कएडिट : तालिकीकरणातील तेच ते काम कमी करणारे सॉफ्टवेअर

मार्च महिना लागला की नागपुरातील महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या तांत्रिक विभागांत पुस्तकांचे गठ्ठे साचू लागतात, कारण मंजूर रक्कम आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी खर्ची पडावी लागते. शीर्षक, लेखक, प्रकाशक आणि किंमत हा एकच मजकूर देयक तपासताना, दाखल नोंदवहीत, संगणकीय तालिकेत (कॅटलॉगमध्ये) आणि शेवटी लेबलांवर पुन्हा पुन्हा उतरवला जातो, आणि प्रत्येक उतरवणीत चूक शिरण्याची शक्यता असते. आमच्या ग्रंथालयात हे ओझे हलके करण्यासाठी कोहा या ग्रंथालय व्यवस्थापनाच्या संगणक प्रणालीच्या जोडीला मार्कएडिट वापरले जाते. त्याचा हा परिचय मुख्यतः मराठी पुस्तके हाताळणाऱ्या ग्रंथपालांसाठी आहे.

टेरी रीस या अमेरिकी ग्रंथालयतज्ज्ञाने १९९९ पासून विकसित केलेले हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते आणि विंडोज तसेच मॅक संगणकांवर चालते. ते मुक्तस्रोत मात्र नाही. मार्क २१, म्हणजे पुस्तकाची माहिती क्रमांकित क्षेत्रांत साठवण्याच्या प्रमाणित स्वरूपातील नोंदी उघडून एकदम शेकडो नोंदींत बदल करणे हे त्याचे मुख्य काम.

लिपिकांचा सर्वाधिक वेळ वाचतो तो एक्सेल तक्त्यातून मार्क नोंदी तयार करण्याच्या सोयीमुळे. तक्त्यातील कोणता स्तंभ कोणत्या क्षेत्रात जाईल हे एकदाच ठरवायचे असते : शीर्षक २४५ मध्ये, लेखक १०० मध्ये, आयएसबीएन ०२० मध्ये, आणि कोहासाठी प्रतीचा बारकोड, किंमत व बोधांक (पुस्तकाची फळीवरील जागा सांगणारा क्रमांक) ९५२ मध्ये. ही मांडणी साठवून ठेवता येते, त्यामुळे पुढच्या खरेदीच्या वेळी ती पुन्हा आखावी लागत नाही. दोन गोष्टींची काळजी मात्र तक्ता भरतानाच घ्यावी लागते. आयएसबीएनचा स्तंभ आधीच ‘टेक्स्ट’ स्वरूपात ठेवला नाही तर एक्सेल तेरा अंकी क्रमांक घातांकाच्या रूपात दाखवते आणि दहा अंकी क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य गाळून टाकते. शिवाय देवनागरी मजकुरासाठी युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक अक्षरसंकेताचा पर्याय निवडलेला असावा लागतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमध्ये टंकित केलेल्या याद्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्यात, अन्यथा तालिकेत निरर्थक अक्षरे उतरतात.

माझ्या मते या सॉफ्टवेअरचे खरे मोल ‘टास्क’ या सोयीत आहे. अनेक दुरुस्त्या ठरावीक क्रमाने लिहून ठेवायच्या आणि नोंदींच्या संपूर्ण फाइलवर एकदम चालवायच्या, अशी ही व्यवस्था आहे. मराठीत तिचा उपयोग इंग्रजीपेक्षाही अधिक जाणवतो. ‘शेतकऱ्यांचे’ किंवा ‘कादंबऱ्या’ या शब्दांतील अर्धा र संगणकावर दोन प्रकारे टंकित होतो : एक ‘ऱ’ला हलन्त जोडून, आणि दुसरा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द असतात, त्यामुळे वाचकाने एका प्रकारे शोध घेतला तर दुसऱ्या प्रकारे टंकित झालेले पुस्तक ग्रंथालयात असूनही सापडेलच असे नाही. ही विसंगती नुसत्या नजरेने तपासून कधीच दूर होणार नाही. टास्कमधील शोधा-आणि-बदला या एका ओळीने ती प्रत्येक फाइलमधून निघून जाते. वर्ष देवनागरी अंकांत असावे की इंग्रजी, विरामचिन्हांपूर्वी जागा सोडावी की नाही, असे इतर निर्णयही एकदा टास्कमध्ये नोंदवले की कर्मचारी बदलले तरी तालिकेची पद्धत बदलत नाही.

नागपुरात आणखी एक प्रश्न येतो. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि येथील वाचनात मराठीबरोबर हिंदीचेही स्थान मोठे आहे. दोन्ही भाषांची लिपी एकच असल्यामुळे लिपीवरून नोंदीची भाषा ठरवता येत नाही, आणि ००८ क्षेत्रातील भाषासंकेत चुकला की भाषेनुसार शोध व अहवाल दोन्ही चुकतात. म्हणून मराठी, हिंदी आणि इंग्रजी पुस्तकांचे तक्ते वेगळे ठेवावेत आणि प्रत्येकासाठी भाषासंकेत भरणारा स्वतंत्र टास्क असावा.

लेखकांच्या नावांच्या बाबतीत मात्र मी स्वयंचलनाची शिफारस करणार नाही. शेवटचा शब्द आडनाव समजून पुढे आणण्याचा नियम लिहिणे सोपे आहे, पण ज्या संतांच्या नावानंतर ‘महाराज’ येते तेथे हा नियम ‘महाराज’ या शब्दालाच आडनाव ठरवतो, आणि जोडआडनावांचीही तो मोडतोड करतो. हे काम जाणत्या माणसानेच करावे. वर्गांक आणि विषयशीर्षके यांनाही हेच लागू आहे, आणि टंकनातून वाचलेला वेळ तेथेच खर्च व्हायला हवा.

झेड३९.५० या, दुसऱ्या ग्रंथालयांच्या तालिकांत शोध घेण्याच्या प्रमाणित पद्धतीद्वारे तयार नोंदी उतरवून घेण्याची सोयही मार्कएडिटमध्ये आहे. इंग्रजी पुस्तकांसाठी ती उत्तम आहे, परंतु अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसकडील मराठी पुस्तकांच्या नोंदी मुख्यतः रोमन लिप्यंतरात असल्याने आमच्या वाचकांना त्यांचा उपयोग मर्यादित आहे.

एकगठ्ठा बदल एकगठ्ठा बिघाडही करू शकतो, म्हणून मूळ फाइलची प्रत ठेवल्याशिवाय टास्क चालवू नये. कोहात नोंदी घेतानाही त्या आधी तात्पुरत्या साठ्यात तपासता येतात आणि आयात झाल्यानंतरही ती रद्द करता येते, ही सोय प्रत्येक वेळी वापरावी.

मार्क स्वरूपाची ओळख नसलेल्या कर्मचाऱ्यास सुरुवातीला हे सॉफ्टवेअर अवघड वाटेल, त्यामुळे मांडणी व टास्क ग्रंथपालाने तयार करावेत आणि रोजचा वापर लिपिकाकडे सोपवावा. ज्या ग्रंथालयांत वर्षाकाठी मोजकीच पुस्तके येतात, त्यांना कोहाचा नेहमीचा नोंदपट पुरेसा आहे. मोठी खरेदी करणाऱ्यांनी मात्र पुरवठा आदेशातच ठरावीक स्तंभांची युनिकोड यादी देयकासोबत देण्याची अट घालावी. यादी पुरवठादाराकडून आली की शीर्षक आणि किंमत पुन्हा टंकित करण्याचे कारणच राहत नाही, आणि लिपिकाकडे पुस्तक हातात घेऊन यादीशी ताडून पाहण्याचे काम तेवढे उरते.