सुधारित रूलबुक घ्यावं की जुनंच चालवावं? तीन खेळांची तुलना

टेबलाभोवती बसून, एकेक कॅरेक्टर घेऊन खेळायच्या रोल-प्लेइंग खेळांच्या रूलबुकची सुधारित आवृत्ती आली की प्रत्येक ग्रुपमध्ये तोच प्रश्न निघतो: घरातलं पुस्तक चांगलं आहे, कॅम्पेन (अनेक बैठकींत चालणारी साहसकथा) रंगात आलंय, मग पुन्हा पैसे का घालायचे? प्रश्न रास्त आहे. ही पुस्तकं जाडजूड आणि महाग असतात, आणि बहुतेक खेळांत एकावर भागत नाही. मी जुन्या-नव्या दोन्ही आवृत्त्या खेळलोय आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारा डन्जन मास्टर, म्हणूनही बसलोय. नवं पुस्तक घेताना मी एकच गोष्ट बघतो. आपला खेळ जिथे थांबून पुस्तक उघडावं लागतं, तिथे नवी आवृत्ती काही करते का?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स: २०१४ की २०२४?

सगळ्यात जास्त घोळ इथेच आहे, म्हणून आधी हे. २०१४ च्या प्लेअर्स हँडबुकची पानं ३२०, २०२४ च्या पुस्तकाची ३८४. पण जाडीपेक्षा मांडणीतला फरक मोठा आहे. आमच्या जुन्या प्रतीचं पान १९५ आपोआप उघडतं, इतकं ते हाताळलं गेलंय. तिथे शत्रूला धरून ठेवण्याचा, म्हणजे ग्रॅपलचा नियम आहे. धरल्यावर नेमकं काय होतं हे मात्र पान २९० वर, मागच्या परिशिष्टात. झटापट ऐन रंगात आलेली असताना एकाने एका पानावर बोट ठेवायचं आणि दुसऱ्याने मागचं पान शोधायचं, हे आम्ही वर्षानुवर्षं केलं.

२०२४ च्या पुस्तकात शेवटी नियमांची अकारविल्हे सूची आहे. ग्रॅपल म्हटलं की तिथे सगळं सापडतं. नियमही सुटसुटीत झाला. पूर्वी दोघांनी फासे टाकून तुलना करायची, आता ज्याला धरलंय त्याने स्ट्रेंथ (ताकद) किंवा डेक्स्टेरिटीचा (चपळाई) एक सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, टाकायचा. थकव्याचंही तसंच. जुन्या पुस्तकात सहा पायऱ्यांचा तक्ता होता आणि प्रत्येक पायरीचा परिणाम निराळा. आता प्रत्येक पायरीला वीस बाजूंच्या फाशावर २ वजा आणि वेगात ५ फूट घट, सहाव्या पायरीला मृत्यू. हे एकदा ऐकलं की पाठ होतं. माझ्या लेखी नव्या पुस्तकाचं खरं मोल या दोन गोष्टींत आहे, आणि जाहिरातीत त्यांचाच उल्लेख सगळ्यात कमी असतो.

कॅरेक्टर बनवणंही बदललं. स्ट्रेंथ, विस्डम वगैरेंची वाढ पूर्वी वंशावरून मिळायची, आता पार्श्वभूमीवरून मिळते. पहिल्याच लेव्हलला एक फीट, म्हणजे खास कौशल्य, हाती येतो. सगळे सबक्लास, म्हणजे फायटर, क्लेरिक अशा क्लासच्या उपशाखा, तिसऱ्या लेव्हलला सुरू होतात. क्लेरिक किंवा वॉरलॉक खेळणाऱ्याला पूर्वी पहिल्या लेव्हललाच निवड करावी लागायची, ती आता पुढे गेली. नवख्या खेळाडूसाठी हे सोयीचं आहे. कथेच्या अंगाने मला ते तितकंसं पटत नाही, कारण ज्याच्याशी करार करून वॉरलॉक झालो तो कोण, हे पहिल्या दिवशी ठाऊक असायला हवं.

फायटर आणि बार्बेरियन खेळणाऱ्यांनी मात्र नवं पुस्तक जरूर बघावं. शस्त्रांना आता मास्टरी आहे. कुठलं शस्त्र शत्रूला मागे ढकलतं, कुठलं पाडतं, कुठलं पुढच्या वाराला अॅडव्हांटेज (दोन फासे टाकून चांगला आकडा घेणं) देतं. फायटरची दर टर्न 'मी वार करतो' एवढ्यावर संपायची, त्यात आता जीव आला. तोटाही सांगतो: पाडणाऱ्या शस्त्राचा प्रत्येक वार लागला की समोरच्याला सेव्ह टाकावा लागतो. दोन वार करणारा फायटर असेल तर लढाई चांगलीच लांबते. तुमचा डीएम आधीच लढाया आवरत्या घेत असेल तर हे त्याच्याशी बोलून घ्या.

जुन्या साहसकथा नव्या नियमांवर चालतात, ती भीती नको. फक्त नवे कॅरेक्टर थोडे दणकट आहेत, त्यामुळे २०१४ चे मॉन्स्टर लवकर आडवे होतात. क्युअर वुंड्स या जखमा भरणाऱ्या एका स्पेलवरून अंदाज येईल: पूर्वी एक आठ बाजूंचा फासा, आता दोन. हेच आमच्या टेबलावर घडलं. एकाकडे जुनं पुस्तक, दुसऱ्याकडे नवं, आणि जमिनीवर पडलेल्या साथीदाराला किती हिट पॉइंट मिळाले यावर ऐन लढाईत पंधरा मिनिटं गेली. चूक कुणाचीच नव्हती. पण त्या दिवसापासून आम्ही ठरवलं की एका कॅम्पेनला एकच आवृत्ती.

डीएमसाठीचं पुस्तक नोव्हेंबर २०२४ मध्ये आणि मॉन्स्टर मॅन्युअल फेब्रुवारी २०२५ मध्ये आलं. मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये ५०० हून अधिक मॉन्स्टर आहेत आणि डीएमला त्याचा रोज उपयोग होतो. दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर मी तेच घेईन. खेळाडूंनी एकत्र मिळून एक प्लेअर्स हँडबुक घेतलं तरी टेबलाचं भागतं. घाई नसेल तर त्याचीही गरज नाही: या नियमांचा मोठा भाग, ५.२ क्रमांकाचा एसआरडी हा नियमसंग्रह, एप्रिल २०२५ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली मोफत आहे. प्रत्येक क्लासचा एकच सबक्लास त्यात मिळतो, पण चार सेशन खेळून मत बनवायला तेवढं पुरे.

पाथफाइंडर: मूळ दुसरी आवृत्ती की रीमास्टर?

पाथफाइंडर हा डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या (डी अँड डी) घराण्यातलाच खेळ, आणि रीमास्टर म्हणजे त्याच्या दुसऱ्या आवृत्तीची सुधारित पुस्तकं. इथे आवृत्ती बदलण्यामागचं कारण वेगळं आहे आणि निर्णय घेताना ते माहीत हवं. जानेवारी २०२३ मध्ये डी अँड डीच्या मालक कंपनीने २००० सालापासून चालत आलेला, इतरांना आपल्या नियमांवर खेळ काढू देणारा खुला परवाना बदलायचा घाट घातला. खेळाडूंनी रान उठवल्यावर तो मागे घेतला गेला, पण पाथफाइंडरच्या प्रकाशकांनी त्या परवान्यातून कायमचं बाहेर पडायचं ठरवलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्लेअर कोअर आणि जीएम कोअर आली, २०२४ मध्ये मॉन्स्टर कोअर आणि प्लेअर कोअर २.

म्हणजे इथले बरेच बदल नावांचे आहेत. मॅजिक मिसाइल झालं फोर्स बॅराज, फ्लॅट-फूटेड झालं ऑफ-गार्ड. अलाइनमेंट (कॅरेक्टर सज्जन की दुर्जन हा शिक्का) गेलं, स्पेलच्या शाखा गेल्या, गुणाचा १८ चा आकडा लिहून त्यातून +४ काढण्याऐवजी आता थेट +४ लिहायचं. खेळाचा गाभा, एका टर्नला तीन अॅक्शनचा, जिथल्या तिथे आहे. विचसारख्या काही क्लासना बळ मिळालं, तेवढा भाग मनापासून आवडला.

२०१९ चं कोअर रूलबुक ६४० पानांचं होतं, पण खेळाडू आणि जीएम (इथला डीएम) दोघांचं काम त्यातच व्हायचं आणि बारा क्लास त्यात होते. रीमास्टरमध्ये प्लेअर कोअरमध्ये आठ आणि प्लेअर कोअर २ मध्ये आठ क्लास आहेत. तुमचा आवडता बार्बेरियन किंवा मंक दुसऱ्या पुस्तकात गेलाय. पुस्तक हातात घेण्याआधी हे तपासा. शिवाय पाथफाइंडरचे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिसवर मोफत आणि अधिकृत संमतीने वाचायला मिळतात, जुने आणि नवे दोन्ही. म्हणून मूळ कोअर रूलबुक हाताशी असेल तर पुन्हा घेऊ नका. पहिल्यांदाच घेत असाल तर मात्र थेट रीमास्टर घ्या, कारण पुढची सगळी पुस्तकं त्याच भाषेत बोलणार.

कॉल ऑफ कथुलू: सहावी की सातवी?

हा भयकथांचा खेळ १९८१ चा. पहिल्या सहा आवृत्त्यांत फरक इतका थोडा होता की कुठलीही प्रत कुठल्याही साहसकथेला चालायची. २०१४ च्या सातव्या आवृत्तीने खरी दुरुस्ती केली. गुण शेकड्यावर आले, म्हणजे जुना १३ आता ६५. दोन आकड्यांची गाठ घालणारा रेझिस्टन्स टेबल गेला, त्याऐवजी आपल्या गुणाच्या निम्म्याच्या किंवा पाचव्या हिश्शाच्या आत फासा पाडून पास व्हायचं. आणि पुश आला: फासा चुकला तर पुन्हा टाकता येतो, पण हुकला तर परिणाम जास्त वाईट. भयकथेला याहून चपखल नियम मी पाहिला नाही. कुलूप उघडत नाही, बाहेर पावलं वाजतायत, आणि कीपर (इथला डीएम) शांतपणे विचारतो, 'पुन्हा प्रयत्न करतोस?' त्या क्षणी सगळं टेबल गप्प होतं.

जुन्या साहसकथांसाठी गुणांना ५ ने गुणायचं, बास. इथे मी निःशंकपणे नवी आवृत्ती सुचवेन, आणि तीही फक्त कीपरने घेतली तरी चालेल.

वाट बघण्याबद्दल

डी अँड डीच्या तिसऱ्या आवृत्तीनंतर तीनच वर्षांत, २००३ मध्ये, ३.५ आली होती. त्या वेळी पहिली पुस्तकं घेतलेल्यांचा संताप समजण्यासारखा होता. पण हेस्टसारखं एकच स्पेल सगळ्या लढाया गिळत होतं, आणि ३.५ ने त्याला आवर घातला. पुढे २००८ मध्ये चौथी आवृत्ती आली, तरी ३.५ वर खेळणारे थांबले नाहीत. २००९ चं पहिलं पाथफाइंडर त्याच नियमांवर उभं राहिलं. तुमचं जुनं पुस्तक कुणी हिरावून घेत नाही.

घ्यायचंच ठरलं तर पहिली छपाई शक्यतो टाळा. पहिल्या काही महिन्यांत चुका सापडतात, त्यांच्या दुरुस्त्यांची यादी मोफत प्रसिद्ध होते आणि पुढच्या छपायांत ती सामावली जाते. प्रकाशन तपशिलाच्या पानावर छपाईचा क्रमांक असतो, तो बघून घ्या. आणि चालू कॅम्पेन बारा-चौदा सेशनवर आलं असेल तर ते आहे त्याच नियमांवर पूर्ण करा. नवं पुस्तक उघडा पुढच्या कॅम्पेनच्या पहिल्या संध्याकाळी, सगळ्यांचे कॅरेक्टर शीट कोरे असताना.