मोजपट्टीचे भिंग : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

दहा पट मोठे दाखवणारे आणि तळाच्या काचेवर वीस मिलिमीटरची मोजपट्टी असलेले हे भिंग मी एकाच कामासाठी घेतले. माझ्याकडे एका मासिकाचे बारा वर्षांचे अंक आहेत आणि त्याच्या मुखपृष्ठावरील नावाची अक्षरे हळूहळू बदलत गेली आहेत, अशी माझी जुनी शंका होती. ‘द न्यू यॉर्कर’सारख्या साप्ताहिकाबाबत शंकेला फारशी जागा उरत नाही, १९२५ साली चित्रकार रे अर्विन यांनी त्याची अक्षरे घडवली आणि २०१३ मध्ये हाउस इंडस्ट्रीज या अक्षरे रेखाटणाऱ्या संस्थेने अर्विन यांचीच अक्षरे नव्याने रेखाटली, हे नोंदलेले आहे. माझ्या मासिकाच्या अंकांत अशी एक ओळही सापडत नाही, म्हणून मोजण्यावाचून इलाज नव्हता.

पहिले दोन महिने मी भिंगावर बेहद्द खूष होतो. प्रत्येक अंकात शिरोरेषेची जाडी निराळी निघे, कधी १.९ तर कधी २.१ मिलिमीटर, आणि कोणी चित्रकार दर महिन्याला अक्षरांवरून हात फिरवत असावा, असे मी जवळजवळ ठरवूनही टाकले होते. पुढे एकाच अंकाच्या दोन प्रती हाती लागल्या आणि त्यांच्यातही ०.१ मिलिमीटरचा फरक दिसला, तेव्हा साठ अंकांचा तक्ता निकालात निघाला. शाई कागदावर थोडी पसरतेच, खरखरीत कागदावर अधिक पसरते. रंग एकमेकांवर नेमके बसले नाहीत, तर अक्षराच्या कडेला दुसऱ्या रंगाची झालर उमटते आणि भिंगातून तीही जाडीच वाटते. पानाच्या कडेपासून घेतलेली मापे तर कापणीच्या यंत्राची निघाली. यात भिंगाचा दोष नाही, हे मला कबूल करावे लागते.

आता मी एका कान्याच्या डाव्या कडेपासून पुढच्या कान्याच्या डाव्या कडेपर्यंतचे अंतर घेतो. शाई दोन्ही काने सारखेच फुगवते, त्यामुळे हे अंतर बदलत नाही. बदललेच, तर अक्षरे खरोखर हलवलेली असतात.

आणि नेमके इथेच भिंगाने दगा दिला. चौथ्या महिन्यात मोजपट्टीची काच खोबणीत सैल झाली आणि भिंग उचलले की ती स्वतःभोवती फिरू लागली. विक्रेत्याला तीन पत्रे लिहिली. तिन्ही वेळा ‘भिंग स्पष्ट दाखवते का?’ असे विचारण्यात आले आणि मी ‘हो’ म्हणताच तक्रार निकालात काढण्यात आली. स्पष्ट दिसते म्हणून मोजता येते असे नाही, हे त्यांना शेवटपर्यंत पटले नाही. पट्टी पाच अंशांनी तिरकी झाली, तरी वीस मिलिमीटरमागे जेमतेम ०.०८ मिलिमीटरची चूक होते, हे गणित मी मागाहून केले. म्हणजे तिसरे पत्र, त्यातील दोन कठोर वाक्यांसह, कदाचित अनावश्यक होते. तरीही पैसे मोजून घेतलेल्या वस्तूतील मोजपट्टीने जागेवर राहावे, एवढी अपेक्षा मी सोडलेली नाही. दुसरे भिंग मात्र घेतले नाही. खोबणीत डिंकाचा एक थेंब टाकला आणि काच बसली, जरी त्यामुळे पट्टीवरील शून्याची रेघ अर्धी झाकली गेली आणि आता मला प्रत्येक माप एकच्या खुणेपासून घ्यावे लागते.

नव्या पद्धतीने सगळे अंक पुन्हा मोजले. पहिली सात वर्षे ते अंतर १४.६ मिलिमीटर आहे. आठव्या वर्षाच्या जानेवारीपासून १४.२, आणि शेवटच्या अंकापर्यंत तेवढेच. नावाची उंची तीच, शिरोरेषाही तीच. कोणीतरी फक्त अक्षरे एकमेकांजवळ सरकवली. त्याच महिन्यापासून नावाच्या उजवीकडे अंक-क्रमांकाची छोटी चौकट येऊ लागली आहे. ती इतकी वर्षे माझ्या डोळ्यांसमोर होती आणि तिच्यासाठी भिंगाची गरजही नव्हती.