आजारपणातला निद्रानाश : झोपेची गोळी की सीबीटी-आय?

कर्करोगाचे उपचार, हृदयाची शस्त्रक्रिया किंवा अतिदक्षता विभागातला मुक्काम आटोपून खान्देशात घरी परतलेला माणूस भेटायला आलेल्यांना पुष्कळदा दुखण्याआधी झोपेचीच तक्रार सांगतो : ‘रातभर डोया लागना नही.’ मग घरात दोन मते पडतात. काहींना वाटते की डॉक्टरांकडून झोपेची गोळी लिहून घ्यावी, तर काहींना वाटते की गोळीची सवय लागेल, त्यापेक्षा सोसावे. गोळी नको तर सोसणेच उरते, हे गृहीतक मात्र चूक आहे. गोळीची खरी तुलना करायची ती निद्रानाशावरील बोधात्मक वर्तनोपचाराशी, म्हणजे सीबीटी-आयशी. प्रौढांच्या जुनाट निद्रानाशात प्रथम हाच उपचार द्यावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये केली आहे.

निवड करण्यापूर्वी चालू औषधांची चिठ्ठी वेळांसकट डॉक्टरांपुढे ठेवावी. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखे स्टिरॉइड संध्याकाळी घेतले तर झोप उडू शकते, आणि लघवी वाढवणारी गोळी उशिरा घेतली तर रात्रभर उठावे लागते. नुसती वेळ बदलून प्रश्न मिटल्यास तुलनेची गरजच उरत नाही. जोरात घोरणे आणि झोपेत श्वास अडखळणे असेल, तर आधी त्याची तपासणी व्हावी, कारण अशा रुग्णाला झोपेची गोळी घातक ठरू शकते.

गोळीची मोठी जमेची बाजू म्हणजे ती त्याच रात्री काम करते. निदान नुकतेच कळलेले असताना, शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री किंवा रुग्णालयातल्या गजबजाटात हा गुण मोलाचा आहे, आणि तेव्हा गोळी घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मात्र अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्यांचा प्रभाव काही आठवड्यांत ओसरू लागतो. वयस्कर माणूस रात्री लघवीला उठताना तोल जाऊन पडू शकतो, आणि वेदनेसाठी मॉर्फिन किंवा ट्रॅमाडॉल चालू असेल तर दोन्ही मिळून श्वास मंदावण्याचा धोका असतो. त्यामुळे शेजाऱ्याच्या पाकिटातली गोळी देणे हा आपुलकीचा सर्वांत वाईट प्रकार म्हणावा लागेल. अल्प्राझोलाम आणि झोलपिडेम ही ‘एच-१’ अनुसूचीतली औषधे आहेत, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवीत.

सीबीटी-आयचे गणित उलटे आहे. हा उपचार साधारण चार ते आठ बैठकांचा असतो, पहिले एक-दोन आठवडे त्रास वाढतो, पण मिळालेला फायदा उपचार संपल्यावरही टिकतो. समजा, रुग्ण रात्री दहा ते सकाळी सात अंथरुणात असतो आणि झोप लागते जेमतेम साडेपाच तास. अशा वेळी त्याला रात्री बारा ते पहाटे साडेपाच एवढीच वेळ अंथरुणासाठी दिली जाते. त्यातला ८५ टक्क्यांहून अधिक वेळ झोपेत जाऊ लागला की ती पंधरा-वीस मिनिटांनी वाढवतात. अंथरुणात तळमळत राहायचे नाही, उठून बसायचे, आणि झोप आल्यावरच परत आडवे व्हायचे.

खान्देशी उन्हाळ्यात या पद्धतीचा एक भाग सोपा जातो आणि एक फार अवघड. झोप लागण्यासाठी शरीराचे तापमान थोडे उतरावे लागते. पारा पंचेचाळिशीला टेकतो त्या दिवसांत गच्ची किंवा मातीच्या घराचे धाबे रात्री उशिराच निवते, त्यामुळे बाराला अंथरुणावर जाणे फारसे जड वाटत नाही. दुपार मात्र कठीण असते, कारण दारे लावून सगळे घर झोपलेले असताना एकट्या आजारी माणसाने जागे राहायचे असते. अशक्त रुग्णाला तीनच्या आत वीस-तीस मिनिटांची डुलकी चालते. दोन तासांची झोप रात्रीच्या झोपेतून वजा होते.

अपस्मार किंवा द्विध्रुवी (बायपोलर) विकार असलेल्यांनी, केमोथेरपीत फार थकलेल्यांनी आणि गाडी वा ट्रॅक्टर चालवणाऱ्यांनी झोपेची वेळ आखडण्याचा हा भाग डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये. प्रशिक्षित समुपदेशक मोजके आहेत, ही या उपचाराची उणी बाजू आहे. धुळे आणि जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभागात विचारणा करता येते, आणि घाबरून जागणाऱ्याला टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्रीही बोलता येते.

माझे मत असे की उपचार चालू असताना गोळी घ्यावी, पण ती कधी थांबवायची हे पहिल्याच चिठ्ठीवर लिहून घ्यावे. आजार आटोक्यात येऊन तीन महिने उलटले तरी झोप बसत नसेल, तर सीबीटी-आयकडे वळावे. महिनोन्‌महिने गोळी घेत असलेल्यांनी ती एकदम सोडू नये, कारण निद्रानाश उसळतो आणि क्वचित फिटही येते. त्यांनी सीबीटी-आय सुरू करून, डॉक्टर सांगतील त्या बेताने मात्रा उतरवत न्यावी.